पहिल्या दिवसाचा आकडा

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टरांकडून सगळ्यात आधी टक्के हवे असतात. "चान्सेस किती आहेत, डॉक्टर? फिफ्टी-फिफ्टी तरी धरायचे का?" सकाळी शेतावर किंवा ऑफिसला धडधाकट गेलेला माणूस दुपारी घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर पडलेला असतो. 'ब्रेन हॅमरेज' एवढे कानावर आलेले असते. पुण्याला हलवायचे का, सोने गहाण टाकायचे का, दुबईतल्या मुलाने आजच निघावे का, हे सगळे त्या टक्क्यांवर ठरणार असते. हे पुस्तक त्या टक्क्यांविषयी आहे : ते येतात कुठून, कितपत खरे ठरतात, आणि कधी कधी केवळ सांगितले गेल्यामुळेच कसे खरे होऊन बसतात.

लेखिका मेंदूविकारतज्ज्ञ आहेत. मी जिल्ह्याच्या गावी आयुष्यभर प्रॅक्टिस केलेला साधा फिजिशियन. प्रस्तावनेला एखादा नामांकित न्यूरोसर्जन त्यांना सहज मिळाला असता. पण मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी आमच्यासारख्यांच्या हातून जातो आणि पहिला आकडा बहुधा आम्हीच सांगून टाकतो. तेव्हा प्रस्तावना तुम्हीच लिहा, असा त्यांचा आग्रह. त्यात थोडा टोमणाही असावा. तो मी स्वीकारला आहे.

आधी विषयाची हद्द सांगतो. डोक्याला मार लागून होणारा रक्तस्राव या पुस्तकात नाही. मेंदूच्या आवरणाखाली रक्तवाहिनीचा फुगवटा फुटतो, त्या आजाराचे गणित निराळे आहे; त्याला एक छोटे प्रकरण दिलेले आहे. बाकी सगळे पुस्तक आहे ते खुद्द मेंदूच्या आत एखादी बारीक धमनी फुटून रक्ताची गाठ तयार होते त्या आजारावर. मुंबईत २००५ आणि २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रोकच्या रुग्णांची नोंद ठेवली. पहिल्यांदाच स्ट्रोक आलेल्या ४५६ जणांपैकी ८१ जणांना रक्तस्राव झालेला होता, म्हणजे पाच-सहा जणांत एकाला. संख्या लहान, पण मृत्यूंतला वाटा फार मोठा. जगभरचे अभ्यास पाहिले तर या आजारात महिन्याभरात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावतात आणि त्यांतले जवळजवळ निम्मे पहिल्या दोन दिवसांतच.

ही गाठ किती मोठी आहे हे जिवंत माणसात पाहण्याची सोय फार जुनी नाही. पूर्वी ती ऑपरेशनच्या टेबलावर दिसे, नाही तर शवविच्छेदनात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मोर्लीज हॉस्पिटलमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. हाउन्सफील्ड ईएमआय कंपनीचे इंजिनिअर. ग्रामोफोनसमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या तबकड्या आपल्याकडे घरोघर होत्या, त्यांचीच ही कंपनी. सीटीवर ताजे रक्त पांढरेशुभ्र दिसते. त्याची लांबी, रुंदी आणि किती थरांत ते दिसते ती उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि दोनाने भागायचे, उत्तर मिलिलिटरमध्ये. १९९६ साली प्रसिद्ध झालेली ही रीत कागद-पेन्सिलीने मिनिटभरात जमते, आणि अजूनही तीच चालते.

त्या आधी तीन वर्षे, १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जोसेफ ब्रॉडरिक आणि मंडळींनी दाखवून दिले होते की मृत्यूचा अंदाज देण्यात या आकारमानाइतके भरवशाचे दुसरे काही नाही. ६० मिलिलिटर किंवा जास्त रक्त आणि शुद्धी खूप हरपलेली, असे रुग्ण महिन्याभरात ९१ टक्के दगावले. ३० मिलिलिटरपेक्षा कमी रक्त आणि शुद्धी बऱ्यापैकी शाबूत, अशांत हे प्रमाण १९ टक्के होते. त्या अभ्यासात ३० मिलिलिटर आणि त्याहून मोठी गाठ असलेले ७१ जण होते. महिन्याअखेर त्यांतला फक्त एक जण स्वतःचे स्वतः करू शकत होता. ३० मिलिलिटर म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे दहा मिलिलिटरचे झाकण तीनदा भरेल एवढे रक्त. इतक्याशा रक्ताने एवढे होते कसे, असे लोक विचारतात. कवटी हाडाची आणि बंद. आत शिरलेल्या रक्तासाठी नवी जागा तयार होत नाही. कोणाला तरी बाजूला सरावे लागते आणि सरकायचे ते मेंदूलाच.

इथे पहिली मेख आहे. स्कॅनवरचा आकडा हा स्कॅन काढला त्या क्षणाचा असतो. १९९७ मध्ये सिनसिनाटीच्याच थॉमस ब्रॉट यांनी, त्रास सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत आलेल्या १०३ रुग्णांचे स्कॅन काही वेळाने पुन्हा काढून पाहिले. तासाभरातच २६ टक्के रुग्णांची गाठ ठळकपणे वाढलेली होती. विसाव्या तासापर्यंत आणखी १२ टक्क्यांची वाढली. म्हणजे लवकर पोहोचलेल्या रुग्णाचा पहिला स्कॅन फसवा असू शकतो. जवळ राहणारा, तासाभरात आलेला रुग्ण 'बरा' दिसतो आणि सहा तास प्रवास करून आलेल्याचे चित्र पूर्ण झालेले असते. दोघांना एकच फूटपट्टी लावणे चूक आहे. लेखिकेने दुसऱ्या प्रकरणात याचे जे दोन नमुने दिले आहेत ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावेत. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर ही वाढ अधिक होते आणि अधिक काळ चालते. म्हणूनच कॅज्युअल्टीत आम्ही चार-चारदा विचारतो, "हृदयाची, वॉल्व्हची काही गोळी चालू आहे का?" नातेवाइकांना तो विषयांतराचा प्रश्न वाटतो. तो बहुतेक वेळा सगळ्यात कामाचा प्रश्न असतो.

आकारमानानंतर येते जागा. मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस या नावांच्या केंद्रांत होणारा रक्तस्राव बहुधा वर्षानुवर्षे चढलेल्या रक्तदाबाचा. पृष्ठभागाजवळच्या पाळ्यांत, उतारवयात होणारा रक्तस्राव पुष्कळदा रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचे प्रथिन साठल्याने होतो. त्यातून वाचण्याची शक्यता तुलनेने बरी, पण तो पुन्हा होण्याची भीती जास्त. मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये, पाच-दहा मिलिलिटरही जीवघेणे ठरते, कारण श्वासाची आणि जागेपणाची केंद्रे तिथे खेटून आहेत. लहान मेंदूतला रक्तस्राव मात्र वेगळा. तिथली गाठ मोठी असेल आणि रुग्ण खालावत असेल तर वेळेवर ऑपरेशन केल्याने प्राण वाचतात, आणि वाचलेला माणूस बऱ्याचदा चालत घरी जातो. मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्यांत रक्त उतरले की पाण्याची वाट तुंबते, दाब वाढतो, आणि अंदाज एक पायरी खाली येतो.

राहिले वय आणि शुद्धी. शुद्धी मोजण्याची मोजपट्टी ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ग्लासगोत तयार केली. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, याचे गुण. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. यंत्र नाही, खर्च नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनाही ती येते आणि यायला हवी. संदर्भचिठ्ठीवर 'पेशंट सीरियस' असे लिहिण्याऐवजी एवढा एक आकडा लिहिला तर पुढच्या डॉक्टरचे अर्धे काम होते. हे मी गावोगावच्या शिबिरांत सांगत आलो आहे. चिठ्ठ्यांवर 'सीरियस'च येते.

या सगळ्याची एकत्र मोळी बांधली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लॉड हेम्फिल यांनी, २००१ साली. शुद्धीचे शून्य ते दोन गुण. ३० मिलिलिटर किंवा जास्त रक्ताला एक. पोकळीत रक्त असेल तर एक. देठात किंवा लहान मेंदूत असेल तर एक. वय ८० किंवा अधिक असेल तर एक. बेरीज शून्य ते सहा. हा 'आयसीएच स्कोअर' आज जगभर वापरला जातो. मोबाइलवर बोटे टेकवली की उत्तर समोर येते : शून्याला मृत्यू शून्य टक्के, एकाला १३, दोनाला २६, तिनाला ७२, चाराला ९७, पाचाला १००.

शंभर टक्के वाचून कोणाचेही पाय गळतील. मूळ अभ्यास उघडून पाहावा. त्यात एकूण १५२ रुग्ण होते. पाच गुण मिळालेले होते सहा जण. सहाच्या सहा गेले, म्हणून १००. सहा गुणांचा तर एकही रुग्ण त्या अभ्यासात नव्हता. स्कोअर वाईट आहे असे यातून निघत नाही; नंतर अनेक ठिकाणी तो तपासला गेला आणि गटागटांतला फरक दाखवण्यात तो चांगला उतरला. पण १५२ लोकांच्या अनुभवातून आलेला टक्का जेव्हा सांगलीच्या किंवा बीडच्या आयसीयूत एका विशिष्ट माणसाच्या डोक्यावर ठेवला जातो, तेव्हा तो किती हातांतून आणि किती मैलांवरून आला आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

दुसरी मेख याहून खोल आहे आणि माझ्या मते हाच या पुस्तकाचा खरा विषय. २००१ मध्येच सिॲटलच्या कायरा बेकर यांनी ८७ रुग्णांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण दगावला की वाचला हे ठरवण्यात सगळ्यात वजनदार घटक त्यांना कोणता सापडला? रक्ताचे आकारमान नाही, शुद्धीही नाही. उपचार थांबवण्याचा निर्णय झाला होता की नाही, हा. डॉक्टरला वाटले की हा वाचत नाही, त्याने तसे घरच्यांना सांगितले, घरच्यांनी व्हेंटिलेटर काढायला संमती दिली, रुग्ण गेला, आणि 'असे रुग्ण जातात' या आकडेवारीत आणखी एकाची भर पडली. पुढचा डॉक्टर तीच आकडेवारी बघून पुढच्या घरच्यांशी बोलतो. भाकीत स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करत राहते.

गमतीची गोष्ट अशी की या धोक्याचा मोठा पुरावा पुढे आणला तोही हेम्फिल यांनीच. २००४ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्या रुग्णालयांत पहिल्याच दिवशी 'हृदय थांबले तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नका' असे आदेश लिहिण्याची सवय जास्त, तिथे रुग्णांचे वय आणि अवस्था हिशेबात धरूनही मृत्यू जास्त होते. याचा अर्थ, रुग्ण कोणत्या दारातून आत आला हाही बरे होण्याचा एक घटक ठरला. पुढे अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या समितीचे प्रमुख हेम्फिलच होते आणि त्यांत स्पष्ट म्हटले आहे की असे नवे आदेश निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत लिहू नयेत. २०२२ च्या सूचना आणखी पुढे जातात : केवळ स्कोअरवर विसंबून एका रुग्णाचे भवितव्य सांगू नये, उपचार तोडू नयेत. मोजपट्टी करणाऱ्यानेच तिच्यावर सावधगिरीची चिठ्ठी चिकटवावी, असे वैद्यकात फार वेळा घडत नाही.

पहिले काही दिवस हात आखडता न घेता सगळे केले तर काय होते, हेही एका गटाने तपासले. लुईस मॉर्गनस्टर्न आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात १०९ रुग्ण होते. पाच दिवस उपचारांवर कोणतीही मर्यादा घालायची नाही, एवढीच अट. स्कोअरप्रमाणे त्यांतले निम्मे महिन्याभरात जायला हवे होते. गेले वीस टक्के.

आपल्याकडे हे चक्र वेगळ्या वाटेने फिरते. इथे व्हेंटिलेटर काढण्याच्या संमतीपत्रापेक्षा 'डामा'चा कागद जास्त वेळा सही होतो : डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो आहोत, जबाबदारी आमची. खासगी आयसीयूचा रोजचा खर्च, सरकारी रुग्णालयात बेड नसणे, शंभर किलोमीटरवरचे गाव, आणि कोणीतरी घाईत उच्चारलेले "काही उपयोग नाही", यांतून तो कागद तयार होतो. घरी नेलेला रुग्ण ओसरीवर जातो. रुग्णालयाच्या वहीत त्याची नोंद मृत्यू म्हणून होत नाही, डिस्चार्ज म्हणून होते. त्यामुळे आपले खरे टक्के काय, हे सांगताना लेखिकेने ठिकठिकाणी जो हात राखला आहे तो योग्यच आहे. डॉक्टरांवर दोष ढकलून हा प्रश्न मिटत नाही. पैशाअभावी थांबलेला उपचार आणि निरुपयोगी म्हणून थांबवलेला उपचार यांतला फरक निदान कागदावर तरी राहावा, ही त्यांची मागणी मात्र रास्त आहे.

जगेल का, यानंतरचा प्रश्न : जगला तर कसा? या प्रश्नासाठी वेगळी मोजपट्टी लागते. बोस्टनच्या नतालिया रोस्ट यांनी २००८ मध्ये ६२९ रुग्णांवरून ती बसवली. तीन महिन्यांनी माणूस स्वतंत्रपणे वावरेल का, एवढेच ती विचारते. तिच्यात रक्ताचे आकारमान, जागा, वय, शुद्धी हे आहेतच. आणि एक पाचवा घटक आहे जो स्कॅनवर नसतो. रक्तस्रावाआधी माणसाची बुद्धी आणि आठवण शाबूत होती का? आजोबा पैसे नीट मोजत होते का, वाटेत चुकत होते का, हे घरच्यांनाच माहीत असते. या मोजपट्टीवर अकरापैकी चार किंवा कमी गुण मिळालेल्यांपैकी कोणीही तीन महिन्यांत स्वतंत्र झाले नाही. अकरा मिळालेल्यांतले ८० टक्क्यांहून जास्त झाले. केवळ वाचलेल्या रुग्णांपुरता हिशेब केला तरी तिची अचूकता घटली नाही, म्हणून उपचार थांबवण्याच्या निर्णयांचा डाग तिच्यावर कमी आहे. मला हिचा भरवसा जास्त वाटतो.

पण तीन महिन्यांवर थांबायचे का? रक्त अडकून होणाऱ्या लकव्यात मेंदूचा तो भाग काही तासांत मरतो. रक्तस्रावात काही तंतू तुटतात, काही नुसते दाबले जातात, बाजूला ढकलले जातात. गाठीभोवतीची सूज पहिला आठवडा-दोन आठवडे वाढत राहते. रक्त विरघळायला आठवडे लागतात. म्हणून पाचव्या किंवा दहाव्या दिवशी जो रुग्ण दिसतो तो पुष्कळदा त्याच्या सगळ्यात वाईट अवस्थेत दिसत असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत मोठे निर्णय घेतले जातात. २०२२ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांतल्या रुग्णांची वर्षभराची वाटचाल एकत्र करून पाहिली गेली. महिन्याअखेर ज्यांची अवस्था वाईट होती, अंथरुणाला खिळलेले किंवा आधाराशिवाय न चालणारे, असे ७१५ जण होते. वर्षअखेर त्यांतले ४० टक्क्यांहून अधिक आधाराशिवाय चालण्याइतके सुधारले होते. हे चाचणीत निवडून घेतलेले, नीट काळजी मिळालेले रुग्ण होते, हे विसरून चालणार नाही. तरीही महिन्यानंतर "आता आहे हे असेच राहणार" असे सांगणाऱ्याने हा आकडा एकदा पाहावा.

या मधल्या काळात रुग्णाला मागे खेचणाऱ्या गोष्टी रुक्ष आणि ओळखीच्या आहेत. घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया, लघवीच्या नळीतून होणारा संसर्ग, पाठीवरचे व्रण, पायातल्या गुठळ्या, नियंत्रणात नसलेली साखर, आणि कोणी विचारत नाही ते नैराश्य. यांतल्या बहुतेक टाळता येतात. लेखिकेने यावर पुस्तकातले सगळ्यात मोठे प्रकरण खर्ची घातले आहे. पाणी पाजण्याआधी गिळता येते का ते तपासून घ्या, ही एक सूचना त्यांनी त्यात पुनःपुन्हा दिली आहे. संपादकाने ती पुनरुक्ती काढली नाही, हे बरे केले.

घरच्यांच्या सेवेबद्दल मात्र आपल्याकडे एक भाबडा समज आहे आणि पुस्तकाने तो सोडलेला नाही, धरून तपासला आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० स्ट्रोक रुग्णांवर 'अटेंड' नावाची चाचणी झाली, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एका गटात नातेवाइकांना पुनर्वसनाचे व्यायाम शिकवून घरी करून घ्यायला सांगितले. दुसऱ्या गटाला नेहमीचीच काळजी. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के. सुनेने किंवा बायकोने शिकून घेतले की फिजिओथेरपिस्ट लागत नाही, हा हिशेब सरकारला स्वस्त पडतो म्हणून आवडतो. पुरावा त्याच्या बाजूने नाही. दुसऱ्या टोकाचा उत्साहही महाग पडतो. २०१५ च्या 'अव्हर्ट' चाचणीत पहिल्या चोवीस तासांत रुग्णाला वारंवार उठवून चालवले गेले, त्यांची स्थिती तीन महिन्यांनी उलट थोडी वाईट निघाली. व्यायाम हवाच, पहिल्या दिवशी धडाका नको.

ऑपरेशनविषयी दोनच वाक्ये, कारण पुस्तकात त्याचा ऊहापोह भरपूर आहे. गाठ काढली की माणूस बरा होईल, हे तर्काला पटते, पण २००५ च्या 'स्टिच' चाचणीत १,०३३ रुग्णांपैकी लवकर ऑपरेशन झालेल्यांत २६ टक्के आणि आधी औषधोपचार केलेल्यांत २४ टक्के बऱ्या अवस्थेत होते, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. छोट्या छिद्रातून करायच्या नव्या शस्त्रक्रियेचे २०२४ मधले निष्कर्ष पृष्ठभागाजवळच्या गाठींपुरते आशा वाढवणारे आहेत.

त्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटतात ते २०२३ मध्ये आलेले 'इंटरॅक्ट-३'चे निष्कर्ष. दहा देशांतले सात हजारांहून अधिक रुग्ण, त्यांत भारतातलेही. नवे औषध एकही नाही. तासाभरात वरचा रक्तदाब १४० च्या खाली आणायचा, साखर आणि ताप आटोक्यात ठेवायचे, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उतरवायचा. चारही गोष्टी एकत्र आणि ठरल्या वेळेत. एवढ्याने वाईट परिणामाची शक्यता कमी झाली. यांतले बहुतेक सगळे तालुक्याच्या रुग्णालयात करता येते. ३० मिलिलिटर, पोकळीतले रक्त, वय हे घटक रुग्ण येतानाच घेऊन येतो. हे चार आपल्या हातात आहेत.

आणि हे सगळे टाळण्याचा घटक त्याहून आधीचा : रक्तदाब. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ नोंदला गेला होता. त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांच्याकडे तेव्हा मीठ कमी करा, विश्रांती घ्या, याखेरीज रक्तदाबावर द्यायला फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला त्यांचे डोके असह्य दुखले. त्या दुपारी दाब होता ३००/१९०. काही तासांत ते मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, वय ६३. जगातल्या सगळ्यात शक्तिमान माणसाला तेव्हा जी गोळी मिळाली नाही ती आज आपल्या आरोग्य केंद्रांत फुकट मिळते. आणि लोक मरतात. गडचिरोलीत डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि 'सर्च' या संस्थेच्या मंडळींनी ८६ गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण स्ट्रोक निघाले, दर सातातला एक मृत्यू. त्यांतले ८७ टक्के घरीच झाले. तिथे ना स्कॅन झाला, ना स्कोअर. एकदा स्ट्रोक येऊन गेलेल्यांत रक्तदाब उतरवला तर मेंदूतला रक्तस्राव निम्म्याने कमी होतो, हे 'प्रोग्रेस' चाचणीने २००१ मध्येच दाखवले आहे. "बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी सोडली" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला निदानासारखे वाटू लागले आहे.

लेखिकेशी माझे दोन मतभेद राहिले, ते नोंदवून ठेवतो. रक्तदाबाचे प्रकरण त्यांनी सगळ्यात शेवटी घातले आहे. माझ्या हातात असते तर ते पहिले आले असते. आणि परिशिष्टात त्यांनी आयसीएच स्कोअरचा पूर्ण तक्ता छापला आहे. रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर बसून एखाद्या मुलाने स्वतःच्या बापाचे गुण मोजावेत, हे मला पाहवणार नाही. त्यांचे उत्तर असे, की आकडे लपवले तर लोक डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून टक्के काढतात आणि चेहरा आकड्यांपेक्षा जास्त चुकतो. यावर आमचे एकमत झाले नाही. तक्ता पुस्तकात आहे. निदान त्याच्या खाली सहा रुग्णांची हकीकत द्या, एवढे माझे म्हणणे त्यांनी मानले.

ज्यांचा माणूस आज आयसीयूत आहे त्यांनी हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नये. सरळ चौथे प्रकरण काढावे, आणि डॉक्टरांना टक्के विचारण्याआधी हे विचारावे : गाठ किती मिलिलिटरची आहे, कुठे आहे, रक्त पोकळीत उतरले आहे का, पुन्हा स्कॅन कधी करणार, दाब किती वेळात १४० च्या खाली आला. उपचार थांबवण्याबद्दल किंवा घरी नेण्याबद्दल कोणी पहिल्याच दिवशी बोलले तर दोन दिवसांची मुदत मागावी. खर्चाची अडचण असेल तर ती स्पष्ट सांगावी, म्हणजे सरकारी रुग्णालयाची किंवा योजनेची वाट शोधता येते. घरातल्या बाकीच्यांनी तोवर शेवटचे प्रकरण वाचावे आणि आपापले बीपी तपासून घ्यावे.